जन्मगावी हद्दपार

१४ जानेवारी १९३८, शुक्रवार
हिल्सबरो, करिआकू बेट

आज दुपारी उतरले. ग्रेनेडाहून येणाऱ्या गलबतावर पिठाची पोती होती, दोन शेळ्या होत्या, एक शिपाई होता आणि मी होते. शिपाई माझ्यावर पहारा ठेवायला दिलेला. तो वाटेत गाढ झोपला आणि त्याची टोपी वाऱ्यानं उडू नये म्हणून मीच ती मांडीत धरून बसले.

धक्क्यावरच्या कारकुनानं विचारलं, "नाव?"

"इस्मे बेदो."

"जन्म कुठला?"

"इथलाच."

त्यानं मान वर केली, हसला. "मग काय बाई, घरी आलात की!"

त्याला काय सांगायचं? तीन वर्षांची असताना आईच्या कडेवर बसून मी इथून गेले. पुढचं सगळं आयुष्य त्रिनिदादमध्ये. शाळा तिथे, शिवणकाम तिथे, लग्न तिथे, नवऱ्याचं मला टाकून आरूबाला जाणं तिथे, युलालीचा जन्मही तिथलाच. या बेटाचं मला काही म्हणजे काही आठवत नाही. समुद्र तेवढा ओळखीचा वाटला, पण समुद्र काय, सगळीकडे सारखाच.

तेलखाणीच्या संपात मी बायकांच्या सभांतून बोलले, हा माझा गुन्हा. तुरुंगात ठेवून शेवटी कोर्टानं सोडलं, तेव्हा पोलिसांनी दुसरा कायदा पुढे केला. या वसाहतीत जन्म नाही आणि सरकारला नको आहे, अशा माणसाला जिथलं तिथे पोचवावं. मी पोर्ट ऑफ स्पेनच्या साहेबाला म्हटलं, "साहेब, तिथला राजा हाच आणि इथलाही हाच. टपालाच्या तिकिटावर मुंडकं एकच आहे. मी ब्रिटिश प्रजा आहे."

साहेब म्हणाला, "आहातच. म्हणून तर फुकट पोचवतोय."

बोचकं बांधायला संध्याकाळपर्यंत वेळ दिला. युलाली शाळेत होती. निरोप धाडला, पण ती पोचायच्या आत मोटार सुटली. शेजारीण डॉर्कस हात धरून म्हणाली, "पोरीची काळजी करू नकोस, माझ्याच पोटची समजेन." डॉर्कसला मूलबाळ नाही. देवमाणूस आहे.

१५ जानेवारी

आईची चुलत बहीण इथे आहे एवढंच मला ठाऊक होतं. झाबेट तिचं नाव; मावशीला इकडे टांटी म्हणतात. विचारत विचारत हार्वी व्हेल गावापर्यंत चालत आले. म्हातारी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी समोर उभी राहिले तरी सोलतच राहिली.

"कोणाची तू?"

"सेलेस्टीनची मुलगी, टांटी. इस्मे."

"सेलेस्टीन मेली ना?"

"हो. सहा वर्षं झाली."

"मग तू कशाला आलीस?"

"सरकारनं पाठवलं."

"अस्सं." एक शेंग सोलून झाली. "पाऊस पाठव म्हणून आम्ही इतकी वर्षं सरकारच्या विनवण्या करतोय. त्यानं तुला पाठवलं."

मग ती बराच वेळ माझ्या पायांकडे बघत बसली. चपला फाटक्या आहेत म्हणून बघत असेल. शेवटी घरामागच्या स्वयंपाकाच्या खोपटाकडे बोट केलं. "तिथं पड. शेळी आत येऊ देऊ नकोस."

आई कशानं गेली, हेसुद्धा विचारलं नाही तिनं.

१७ जानेवारी, सोमवार

पोलीस ठाण्यात पहिली हजेरी. कॉर्पोरल गिटन्स म्हणून एक उंच, काळजीपूर्वक दाढी केलेला माणूस आहे. त्यानं हुकूम वाचून दाखवला. लेखी परवानगीशिवाय बेट सोडायचं नाही. सभा घ्यायची नाही. दर सोमवारी इथे यायचं. जो कप्तान मला गलबतावर घेईल त्याचा परवाना जाईल.

मी विचारलं, "समुद्रात उतरायचं की तेही नाही?"

"गुडघ्याइतक्या पाण्यापर्यंत चालेल," तो म्हणाला. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. सही घेतल्यावर म्हणाला, "मी बार्बेडोसचा. अकरा वर्षं झाली इथे येऊन."

"तुम्हालाही हद्दपार केलं की काय?"

"नाही बाई, बढती दिली. गोष्ट तीच."

२ फेब्रुवारी

विहिरीवर जायला पहाटे निघावं लागतं. टाक्यातलं पाणी संपत आलं. पिकं निघाली की इथे गुरं मोकाट सोडतात, ती तहानेली जनावरंही विहिरीपाशी येऊन उभी राहतात, आपली पाळी असल्यासारखी.

बायका मला 'त्रिनिदादची मडम' म्हणतात. तोंडावर नाही, पण मला ऐकू जाईल एवढ्या बेतानं. आज एकीनं सरळच विचारलं, "तुझं कूळ कोणतं गं?"

इथे प्रत्येकाचं एक कूळ असतं. गुलामांच्या जहाजातून आलेला पणजा आफ्रिकेतल्या ज्या लोकांतला होता, ते त्याचं कूळ. कोणी कोरोमांटी, कोणी इग्बो, कोणी टेमने. बापाकडून येतं ते. मला माहीत नाही म्हटल्यावर सगळ्या आपापल्या घागरी भरू लागल्या. त्रिनिदादमध्ये कधी कोणी विचारलं नव्हतं. तिथे पोलिसांनी जन्मगाव विचारलं, इथे बायका कूळ विचारतात. मी दोन्हीकडे उत्तर चुकवलं.

६ फेब्रुवारी, रविवार

कॉर्पोरल तीन मैल चालत हार्वी व्हेलला आला. मी ठिकाणावर आहे की नाही, हे बघायला. टांटीनं त्याला ओसरीवर बसवलं. हातात रताळं, नारळ घालून केळीच्या पानात उकडलेल्या वड्या होत्या. म्हणाला, बार्बेडोसला अशा करतात, जास्त झाल्या होत्या. तासभर बसला. हवेवर बोलला, आईवर बोलला, पुन्हा हवेवर बोलला. निघताना टोपी विसरून गेला आणि परत आला.

रविवारीसुद्धा सोडत नाहीत. सरकार किती बारीक नजर ठेवतं!

१९ फेब्रुवारी

काम मिळालं. विंडवर्ड गावचा कप्तान अल्रिक मॅक्फर्लन त्याचं गलबत किनाऱ्यावर ओढून डागडुजी करत होता. शीड फाटलेलं. शिवणारा म्हातारा आंधळा होत चाललाय, टाके वेडेवाकडे पडले होते. मी उभी राहून बघत होते ते कप्तानाला खुपलं.

"काय बघतेस? हे फ्रॉक नव्हे."

"फ्रॉक असतं तर एव्हाना उसवून पुन्हा शिवलं असतं," मी म्हटलं.

बाकीचे गडी हसले. कप्तान हसला नाही. त्यानं सुई आणि तळहातावर बांधायचा चामडी पट्टा माझ्याकडे फेकला. संध्याकाळपर्यंत मी एक पट्टी जोडली. त्यानं दोन्ही हातांनी ताणून पाहिली, दातानं ओढून पाहिली. "उद्या ये," म्हणाला. इथे बाईमाणूस शिडाला हात लावत नाही म्हणतात. मी बाईमाणूस कुठली, मी त्रिनिदादची मडम.

८ मार्च

आज कोणाशी एक शब्द बोलले नाही.

११ मार्च

आजही नाही. संध्याकाळी शेळीला म्हटलं, "सर गं." माझाच आवाज मला घोगरा लागला. त्रिनिदादला, आमच्या फिझाबादच्या चौकात पेटीवर उभी राहून बोलायचे तेव्हा मागच्या झाडाखालच्या माणसापर्यंत शब्द पोचायचा. आणि बोलून घरी यायचे, तर युलाली भात करून, झाकून ठेवून, पुस्तकावर डोकं टेकून झोपलेली असायची. तिला उठवून जेवायला घालायचे. 'आज किती माणसं होती आई?' हा तिचा प्रश्न ठरलेला. 'पुष्कळ,' माझं उत्तर ठरलेलं. त्यापलीकडे आम्ही कधी बोलायचो, हे आठवायला गेले तर फारसं आठवत नाही. वेळच नव्हता.

२५ मार्च

युलालीचं पत्र आलं! अक्षर किती सुंदर झालंय. 'मी ठीक आहे. डॉर्कस मॉनं ईस्टरसाठी पिवळा फ्रॉक शिवला. आम्ही दोघी मिळून पडदे बदलले. परीक्षा बरी गेली. तू जेवत जा.' मॉ म्हणजे आई, तिकडे मोठ्या बाईला म्हणतातच तसं.

कधी येणार, असं एका शब्दानंही विचारलेलं नाही. मला वाईट वाटू नये म्हणून. तेरा वर्षांची पोर, पण समज बघा.

मुलीचं पत्र आलंय म्हणून टांटीला सांगितलं. ती म्हणाली, "पडदे कोणाचे?"

"म्हणजे?"

"काही नाही. भांडी घास."

५ एप्रिल

शीड पुरं झालं. कप्तानानं वर चढवून पाहिलं. वाऱ्यानं फुगलं आणि एकही टाका कुरकुरला नाही. तो काही वेळ वर बघत राहिला, मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "महिन्यातून एकदा मी त्रिनिदादला जातो. कधी उजळ माथ्यानं, कधी नाही. दक्षिणेच्या टोकाला चिखलात खारफुटी आहे, तिथे पोलीस जात नाही, डास जाऊ देत नाहीत. तिथून फिझाबाद लांब नाही. तुला उतरवीन."

"तुमचा परवाना जाईल."

"परवाना गेला तर काय, मी पोहायला विसरेन?"

उद्या सांगते म्हटलं. परत जायचं. माझी गल्ली, माझं शिवणयंत्र, माझी पोर.

६ एप्रिल

नाही म्हणून आले.

सापडले तर तुरुंग, आणि तुरुंगानंतर पुन्हा हेच बेट. आणि न सापडले तर? लपून राहायचं. ज्या चौकात बोलले त्या चौकातून रुमाल डोक्यावर ओढून जायचं. युलालीनं शाळेत सांगायचं, आई नाही माझी. मला भीती वाटली, हेही खरं आहे. लिहायला काय हरकत आहे, इथे कोण वाचतंय. संपात मी बायकांना म्हणायचे, भिऊ नका. ते सोपं होतं. समोर पुष्कळ बायका होत्या.

मी कप्तानाला म्हटलं, "मला नेऊ नका. तिला आणा." ती त्रिनिदादला जन्मलेली, तिच्या येण्याजाण्यावर कोणाचं बंधन नाही. ऑगस्टात शाळेला सुटी आहे. तो म्हणाला, "सुटीपुरती?"

"कायमची," मी म्हटलं. "आईजवळ."

तो दाढी खाजवत राहिला. मग म्हणाला, "शीड तू शिवलंस. आणीन."

२८ मे, शनिवार

पावसासाठी गावजेवण होतं. प्रत्येक घरानं काहीतरी आणलं. मक्याचं कूकू भल्या मोठ्या कढईत घोटलं, वर तुरीचं कालवण, बकरा. पहिलं ताट पूर्वजांचं, ते घरात झाकून ठेवलं. मग दुपारच्या उन्हात अंगणाच्या मधोमध टांटी झाबेटनं पाणी आणि रम शिंपडली आणि ढोल सुरू झाले.

पहिलं गाणं क्षमा मागण्याचं, ते सगळ्यांनी गुडघे टेकून ऐकलं. नंतर एकेक कूळ पुकारतात. ज्याचं कूळ त्यानंच रिंगणात उतरायचं. विहिरीवर माझी चेष्टा करणारी ती बाई उतरली तेव्हा ओळखू आली नाही, राणी दिसत होती. कोरोमांटी झालं, इग्बो झालं, टेमने झालं. मी कुंपणाला टेकून उभी. एवढ्या माणसांत इतकी एकटी मी तुरुंगातही नव्हते. तिथे निदान भिंतीपलीकडून कोणीतरी गायचं.

ढोलाचा ठेका बदलला. "मोको!" कोणीतरी ओरडलं.

टांटीनं माझ्या दंडाला चिमटा काढला. "ऊठ."

"काय?"

"तुझ्या बापाचं कूळ आहे. आबेल बेदो मोको होता. ऊठ, ढोल तुझ्यासाठी थांबणार नाहीत."

मी उतरले. पाऊल कसं टाकायचं ते माहीत नव्हतं. एक म्हातारा हसला, मग त्यानंच समोर येऊन पाय सावकाश टाकून दाखवला. माझा पाय दोनदा चुकला. कोणी बाहेर काढलं नाही.

नंतर टांटीला विचारलं, इतके महिने सांगितलं का नाहीत? ती म्हणाली, "तू विचारलंस कधी?" मग कढईचा तळ खरवडत राहिली, आणि माझ्याकडे न बघता बोलली. माझा बाप पनामाचा कालवा खणायला गेला आणि तिथल्याच मातीखाली गेला. आई वाट बघून बघून त्रिनिदादला निघाली. "मी म्हटलं, तिथे तुला काम शोधायचं, घर शोधायचं. पोर ठेव माझ्यापाशी. माझ्याच अंगावर खेळायची ती. चालायला माझ्याच अंगणात शिकली, डावा पाय आत वळवून टाकायची. नाही ऐकलं सेलेस्टीननं."

"आई होती ना," मी म्हटलं. "आई कशी सोडून जाईल?"

"हो," टांटी म्हणाली. "ती म्हणाली, पोर माझी. आणि गेली." खरवड तिनं कुत्र्याला घातली.

म्हाताऱ्या माणसांना जुन्या गोष्टींचा राग किती दिवस पुरतो!

१३ जून

पाऊस. मका आणि तूर पेरली. पाठ मोडली. हजेरीला चिखलानं माखलेली गेले तर कॉर्पोरलनं स्वतःची खुर्ची दिली आणि आपण उभा राहिला. ठाण्यात खुर्ची एकच आहे म्हणे. दर सोमवारी मी गेल्यावर कळतं हे त्याला.

१६ जुलै

कप्तान त्रिनिदादहून परतला. मी धक्क्यावरच गाठलं. "भेटली? काय म्हणाली?"

"भेटली. उंच झालीय. शाळेची बाई होती बरोबर."

"येते म्हणाली ना?"

"येईन म्हणाली." तो दोर गुंडाळत होता. "इथे शाळा कितवीपर्यंत आहे, विचारत होती. आणि नंतर पुढे काय, असंही."

"अभ्यासाचं वेडच आहे तिला," मी म्हटलं. "अजून?"

"अजून काय... ती डॉर्कसबाई आत जाऊन बसली, बाहेरच आली नाही. मी पाणी मागितलं ते पोरीनंच आणून दिलं."

डॉर्कसला बरं नसेल. पत्र टाकायला हवं.

६ ऑगस्ट, शनिवार

आली! माझी पोर आली.

धक्क्याच्या पायऱ्या चढून वर आली तेव्हा मी बघतच राहिले. माझ्या खांद्याला लागते. पायात नवे बूट, केसांना पिवळी फीत. माझ्यासमोर थांबली, कशी आहेस म्हणून हात पुढे केला आणि मग लगेच गळ्यात पडली. मला हसू आलं. प्रवासानं गोंधळली होती.

टांटीनं तिच्यासाठी स्वतःच्या खोलीतली खिडकीजवळची खाट मोकळी केली, नवी चादर घातली. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू खोपटातच. पोर पाहुणी आहे."

"पाहुणी कसली, इथेच राहायची आहे ती."

"असेल," टांटी म्हणाली.

१० ऑगस्ट

विहिरीवर बरोबर आली. एकदा पाणी सांडलं, तर मुकाट्यानं परत भरून आणलं. तक्रार नाही. बायकांनी तिला विचारलं, कूळ कोणतं? तिचा बाप बार्बेडोसकडचा, आरूबाला पळालेला, त्याचं कूळ कोण जाणे. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी घागर उचलली.

१७ ऑगस्ट

कूकू तिला आवडत नाही. आवडतं म्हणते आणि पाण्याबरोबर गिळते. बोलताना दोनदा 'आमच्या घरी' म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणता म्हणता थांबली. मी म्हटलं, अगं म्हण, सवय जायला वेळ लागतो. दुपारभर चिंचेखाली बसून वाचत असते. मी शेजारी शिवायला बसते. किती शांत वाटतं. दोघींनी इतका वेळ शेजारी बसणं आमच्या आयुष्यात पहिल्यांदाच. मी विचारलं, "काय वाचतेस?" ती म्हणाली, "व्याकरण." मग माझं विचारायचं संपलं आणि तिचं सांगायचं संपलं.

२४ ऑगस्ट

कप्तानानं बोलता बोलता सांगून टाकलं. युलालीला सप्टेंबरपासून तिकडे त्रिनिदादला, सान फर्नांडोच्या शाळेत शिकाऊ शिक्षिका म्हणून घेतलंय. शाळेची बाई त्यासाठीच आली होती. साऱ्या जिल्ह्यातून दोनच मुली निवडल्या.

मी घरी येऊन विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

तिच्या हातातल्या शेंगा थांबल्या. "त्यात काय सांगायचं? तसंही मी इथे आहे ना आता."

"वाईट वाटतं का?"

"नाही गं आई." आणि हसली. तिला माझी चिंता. माझ्यासाठी एवढं सहज सोडून दिलं तिनं.

शेंगा सोलताना मात्र तिनं सगळे दाणे अंगणात आणि टरफलं टोपल्यात टाकली. टांटीनं उठून एकेक दाणा वेचला. काही बोलली नाही. एरवी बोलली असती.

२९ ऑगस्ट, सोमवार

काय झालं ते नीट लिहिते.

हजेरीला युलालीला बरोबर नेलं. कॉर्पोरलनं तिला गूळ घातलेली पोळी दिली. मग घसा साफ करून म्हणाला, "बाई, मुलीचं काहीतरी करायला हवं. ती इथल्या नियमानं बाहेरची."

"माझी मुलगी?"

"जन्म फिझाबाद, त्रिनिदाद. सुटीपुरती आली तर प्रश्न नाही. राहायचं असेल तर अर्ज लागेल. मी शिफारस लिहितो, माझं ऐकतात वर. पण..." त्याला पुढचं बोलायला जड जात होतं. "उद्या सरकारच्या मनात आलं तर तिला परत पाठवू शकतात. आणि तुम्हाला मागे जाता येणार नाही. तेवढं लक्षात ठेवा."

त्यानं कागद पुढे ओढला, टाक शाईत बुडवला. "काय कारण लिहू? इथे का आणायचं?"

"आई इथे आहे."

"ठीक." तो लिहू लागला. "मुलीचीही तीच इच्छा, असं लिहू ना?"

मी युलालीकडे पाहिलं. ती दारात उभी होती. बाहेर धक्क्याकडे बघत होती. तिच्या हातातली पोळी तशीच होती आणि तिनं श्वास धरून ठेवला होता. लहानपणी डॉक्टर सुई टोचायचा तेव्हा धरायची, अगदी तसा. रडायची नाही. संपेपर्यंत फक्त श्वास धरायची.

मला पोर्ट ऑफ स्पेनचा तो साहेब आठवला. त्याचा टाक असाच चालत होता. त्यानं मला विचारलं नव्हतं, मी मात्र विचारू शकत होते. पण मी विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती. म्हणून विचारलं नाही.

"खोडा ते," मी म्हटलं. "ती सुटीपुरती आलीय. गुरुवारी कप्तान मॅक्फर्लनबरोबर परत जातेय. तिला सान फर्नांडोला शिक्षिका व्हायचंय."

कॉर्पोरलनं माझ्याकडे बघितलं. मग कागदाच्या चार घड्या केल्या आणि खिशात टाकल्या. "अभिनंदन, मिस," तो युलालीला म्हणाला, आणि उभा राहून तिच्याशी हात मिळवला.

अर्ध्या रस्त्यावर ती एकदम रडायला लागली. गाढवावरून जाणारी बाई थांबून बघू लागली एवढ्या मोठ्यानं. बिचारीला मला सोडवत नव्हतं. मी पाठीवरून हात फिरवत राहिले.

"नाताळात येईन," ती म्हणाली. "नक्की येईन."

"ये."

"तू रागावली नाहीस?"

"वेडी आहेस का? दोनच मुली निवडल्या ना साऱ्या जिल्ह्यातून?"

तेव्हा तिनं सांगायला सुरुवात केली. परीक्षेत काय विचारलं, दुसरी मुलगी कोण, बाई काय म्हणाल्या. हार्वी व्हेल येईपर्यंत बोलत होती. माझ्याशी ती इतकं सलग कधीच बोलली नव्हती.

१ सप्टेंबर, गुरुवार

गेली.

सकाळी वारा चांगला होता. टांटीनं तिला भाजलेला मका आणि खारवलेल्या माशांची पुरचुंडी बांधून दिली. तिच्या दोन्ही गालांवर हात ठेवून म्हणाली, "तुझ्या आईनं तुला जाऊ दिलं हे विसरू नकोस." कशाला बोलावं असं पोरीजवळ? तिच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आणलं.

धक्क्यावर तिनं मला घट्ट मिठी मारली, मग उडी मारून चढली. गलबत सुटलं. ती नाळेवर, गलबताच्या अगदी पुढच्या टोकाला जाऊन बसली, दक्षिणेकडे तोंड करून, आणि शेवटपर्यंत मागे वळली नाही. कप्तानानं सांगितलं असणार, पुढे बघत राहिलं की बोट लागत नाही. पोटानं नाजूकच आहे ती पहिल्यापासून. मी हात हलवत राहिले, ती बघत नसली तरी.

शीड टोकाच्या खडकाआड गेल्यावर लक्षात आलं, कॉर्पोरल थोड्या अंतरावर उभा होता. टोपी हातात.

"सोमवारी याल ना?" त्यानं विचारलं.

"न येऊन जाते कुठे?"

"नाही, विचारलं आपलं."

हार्वी व्हेलला पोचले तर खोपट रिकामं. माझं बोचकं नाही, चटई नाही, भिंतीवरचा फ्रॉक नाही. म्हटलं म्हातारीनं आता घालवलंच. घरात डोकावले. खिडकीजवळच्या खाटेवर माझं सगळं सामान नीट मांडलेलं, वर तीच नवी चादर. टांटी पाठ करून चुलीशी बसली होती.

"टांटी, हे काय?"

"काय म्हणजे काय? खाट मोकळी झाली. वाया कशाला घालवायची? हातपाय धू, जेवायला बस."

भारी कंजूष आहे म्हातारी. एक खाट रिकामी राहिलेली तिला बघवत नाही.